बर्फाची चौकशी

मामांना जे विचारायचं असायचं, ते सोडून बाकी सगळं ते विचारायचे. पावसाचं विचारतील, म्हशीचं विचारतील, गावच्या शाळेला नवा हेडमास्तर आला का ते विचारतील, आणि उठताना टोपी सारखी करत म्हणतील, "बरं, येतो." समोरच्याला वाटायचं, म्हातारा गप्पिष्ट आहे. मामा मात्र ज्या कामाला आले ते काम उरकून निघालेले असायचे.

ते माझ्या आईचे चुलतभाऊ. अहमदपूरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणून नात्यात ते चौकशीमामा. दिवसभर खिडकीतून लोकांना उत्तरं द्यायची आणि सुटीच्या दिवशी लोकांकडून उत्तरं काढायची, असा त्यांचा हिशेब होता. आमच्याकडं कुणाच्या मुलीला स्थळ आलं की पहिला फोन मामांना. ते फोन उचलायचे तेच "जयभीम, कुठलं गाव?" म्हणत. पोरगी कुणाची, हे त्यांना नंतर लागायचं.

त्यांचे नियम ठरलेले होते. "काम जमलं तर ज्याचा फायदा, त्याला विचारायचंच न्हाई." म्हणजे मुलाचे आईबाप बाद, मध्यस्थ बाद, मुलाचे मित्रही बाद. उरले कोपऱ्यावरचा दाढी-कटिंगवाला, पिठाची गिरणी, समोरच्या घरातली म्हातारी. त्यांच्यातही मामा निवड करायचे. "'लई चांगली माणसं हाईत' म्हणणाऱ्याला रामराम करून पुढं निघायचं. 'तसं बघितलं तर चांगली हाईत' म्हणणाऱ्याला चहा पाजायचा." चहाच्या दुसऱ्या घोटाला त्या 'तसं'च्या मागं दडलेलं बाहेर येतं, असा त्यांचा अनुभव होता.

माझ्या मावसबहिणीला हिमायतनगरचं स्थळ आलं होतं. नोकरी पक्की, घर स्वतःचं. मामा तिथं जाऊन नुसती दाढी करून परत आले. म्हणाले, "गल्लीत पोरं खेळत होती. मुलगा घराबाहेर आला तशी सगळी गप झाली. एवढं मी बघितलं." करा म्हणाले नाहीत, नका करू म्हणाले नाहीत. कधीच म्हणत नसत. स्थळ मोडलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी एका लग्नात तोच माणूस आम्हाला पंगतीत दिसला. लहान लेकीला मांडीवर घेऊन तो वरणभात भरवत होता. लेक त्याच्या मिशा ओढत होती. मी मामांना कोपरानं ढोसलं. त्यांनी बघितलं, आणि पानातलं बोटभर श्रीखंड तसंच ठेवून उठले. परतीच्या बसमध्ये चाकूर मागं पडलं. मग म्हणाले, "पोरं गप झाली होती, सुधाकरा. ते काही मी मनानं सांगितलं न्हाई." मी म्हणालो, "मग झालं तर." ते म्हणाले, "झालं कुठं? मोडलेल्या सोयरिकीचं पुढं काय झालं असतं, ते कोणालाच कळत न्हाई." ही बोच त्यांच्या मनात कायमची राहिली, असं मला वाटतं. आणि तरीही कुणाचा फोन आला की म्हणायचे, "जयभीम, कुठलं गाव?"

आता माझ्याविषयी. आमच्या घरात उंचीची भीती वडिलोपार्जित आहे. लातूरच्या आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायची असली की मी खाली शिडी धरतो आणि माझी बायको वर चढते. शिडी धरणं हेही जबाबदारीचं काम आहे, असं मी शेजाऱ्यांना सांगत असतो. अशा बापाच्या पोटी प्रज्ञा जन्मली. नांदेडला नोकरी करते आणि सुटी मिळाली की हिमालयात जाऊन दोराला लोंबकळते. तिचे गिर्यारोहणाचे कोर्स झालेत, सर्टिफिकिटं मी फ्रेम करून भिंतीला लावलीत. पोरगी भिंतीवर टांगलेली बघायला मला काही अडचण नाही.

यंदा मात्र तिनं सांगितलं, "बाबा, या वेळी आम्ही चौघंच जाणार. कंपनी नाही, मोठा कॅम्प नाही, आधी कुणी बांधलेले दोर नाहीत. आपलं सामान आपल्या पाठीवर." आणि तेही हंगामाच्या अगदी सुरुवातीला, मे महिन्यात. बर्फ भरपूर असलं की दगडधोंडे त्याखाली बुजून जातात, वाट सोपी होते. पण थंडी संपता संपता तिकडं उशिरा पुष्कळ बर्फ पडलं होतं. ते घट्ट बसलंय की नुसतं टेकलंय, हे कळल्याशिवाय वर जाण्यात अर्थ नव्हता. चौघांत ते शोधायचं काम प्रज्ञाकडं होतं. ती लॅपटॉपवर उपग्रहाचे फोटो बघत बसायची. बाहेर आमच्या रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि घरात बर्फाची चर्चा.

मी एसटी धरून अहमदपूर गाठलं. खरं सांगायचं तर चौकशीसाठी नाही. मामांनी काहीतरी खोट काढावी म्हणून.

मामा तेव्हा बरेच थकले होते. पायावर सूज, बोलताना दम लागायचा. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "तिकडचा मध्यस्थ कोण?" मी म्हणालो, पायथ्यापर्यंत सामान नेणारा घोडेवाला आहे, त्याच्याशी बोलणं झालंय, तो म्हणतो एकदम मस्त. "बाद," मामा म्हणाले, आणि फोन काढला.

त्यांच्या ओळखीचा एक जुना ड्रायव्हर किनवटचा. त्याचा जावई सैन्यात, त्याच भागात रस्त्यावरचं बर्फ हटवायच्या कामावर. त्याच्याकडून नंबर मिळाला तो डोंगराखालच्या शेवटच्या गावातल्या चहावाल्या बाईचा. मामांनी खाकरून खास निजामी हिंदी काढली. "भैनजी, मय महाराष्ट्र से बोलरा. तबियत कैसी है? भेडां-बकऱ्यां कैसे हैं? बच्चे क्या कररे?"

पलीकडून बाईचा आवाज आला, "भाईसाहब, हमारी लड़की तो अभी पढ़ रही है."

"पढने दो, भैनजी," मामा जराही न गडबडता म्हणाले. "लई अच्छी बात." आणि मग पाणी, रस्ता, सफरचंदांचा मोहर असं करत करत बर्फावर आले. बाई म्हणाली, "ऐसे देखो तो बर्फ अच्छा है जी."

मामांनी माझ्याकडं बघितलं. ते 'ऐसे देखो तो' मीही ओळखलं. पण फोनवरून चहा कसा पाजणार? मामांनी मामींना हात करून कप मागवला आणि फोनमध्ये म्हणाले, "भैनजी, मय चाय पीरा. आप भी लेव ना एक कप, आप का ही है." बाई हसली. दोन्हीकडं कपबशा वाजल्या. आणि मग तिनं सांगितलं, की मेंढ्या घेऊन माणसं अजून वर गेलेली नाहीत. रात्री ढग असतात, दारातल्या बादलीवर सकाळी बर्फाची साय धरत नाही. पूर्वी या दिवसांत धरायची.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "पण मामा, पोरं आली तर तिचा चहा खपणार. मग ती पण बाद."

"फायदा असून 'ऐसे देखो तो' म्हणली," मामा म्हणाले. "तसलं 'तसं' खरं असतंय."

मी खुर्ची जवळ ओढली. म्हणालो, "मामा, प्रज्ञाला जरा वाढवून सांगा. मेंढ्या वाहून गेल्या म्हणा. एखादी तरी."

त्यांनी दम घेतला. "मोडायसाठी चौकशी करायलास व्हय? एकदा खोटं सांगितलं की पुढचं खरं कोण ऐकंल?" आणि प्रज्ञाला फोन लावून मेंढ्या आणि बादली, एवढंच जसंच्या तसं सांगितलं.

प्रज्ञानं नीट ऐकलं. म्हणाली, "आजोबा, बादलीचं बरोबर आहे. रात्री गोठलं नाही तर बर्फ घट्ट होत नाही, सुटतं. पण ते गाव लई खाली आहे. वर गोठत असेल. इथून नाही सांगता येत."

"मग तिथं जाऊन विचार, माय," मामा म्हणाले.

झालं. म्हणजे मी पोरीला थांबवायला गेलो होतो आणि निरोप देऊन आलो. घरी आल्यावर प्रज्ञाच्या आईनं विचारलं, मामा काय म्हणाले? मी म्हणालो, शिडी नीट धर म्हणाले.

प्रज्ञा गेली. शेवटच्या गावानंतर फोनची रेंज संपली आणि इकडं मामांना श्वास घेता येईना, म्हणून नांदेडला दवाखान्यात आणलं. मी त्यांच्याजवळ राहिलो. नाकाला नळी लावलेले मामा प्रत्येक येणाऱ्याला त्याच्या गावचं पाणी विचारायचे आणि तो गेला की मला विचारायचे, "बर्फाचं काय कळलं?" मी म्हणायचो, अजून काही नाही. पोरगी कुठं असेल आणि म्हातारा कुठं चाललाय, या दोन्ही काळज्या एकाच खुर्चीत बसून करत होतो.

मग एका दुपारी पाठीवर सामान घेऊन, नाक सोललेली, ओठ फुटलेले अशी प्रज्ञा रेल्वेतून उतरून थेट वॉर्डात आली. मी तिचे हात बघितले, बोटं मोजल्यासारखी बघितली. मामांनी नुसतं विचारलं, "गाडीला गर्दी होती का माय?"

ती त्यांच्या पलंगावर बसली आणि सांगू लागली. वरच्या तंबूबाहेर तिनं स्टीलच्या मगात पाणी भरून ठेवलं होतं. रात्रभर ढग. पहाटे बोट घातलं तर नुसतं पाणी. थोडं चढून बघितलं, पाय गुडघ्यापर्यंत रुतला. ती म्हणाली, परत फिरू. दोघं म्हणाले, एवढ्या लांब आलो ते मग बघून जायला? भांडण झालं. तिनं ऐकलं नाही. चौघं एका दोरावर होते, एक फिरला की सगळे फिरले.

"आणि आजोबा, तो उतार काही कोसळला नाही," ती म्हणाली. "आम्ही खाली आल्यावर दुसरी एक टोळी गेली, चढून सुखरूप उतरलीही. आमच्यातले ते दोघं परतीच्या गाडीत माझ्याशी बोलले नाहीत." "माझं चुकलं का?"

मला हिमायतनगरची पंगत आठवली. मामांनाही आठवली असणार. त्यांनी तिच्या सोललेल्या हातावर सुजलेला हात ठेवला. "ते तुला कधीच कळणार न्हाई," म्हणाले. "मला बी कळलं न्हाई. तू मगात बोट घातलंस, ते खरं. त्याच्यावर झोप येती का बघ. नाहीतर जागं राहायचं. आमच्या कामात शाबासकी नसती, माय."

ती बराच वेळ तिथंच डोकं टेकून बसली. मग तोंड धुवायला गेली.

संध्याकाळी डॉक्टर आले. मी त्यांना वॉर्डाबाहेर गाठलं. ते फाइल बघत म्हणाले, "तसं बघितलं तर ठीक आहे." इतकी वर्षं ज्यांच्यासोबत हिंडलो त्यांच्याकडून काहीतरी शिकलो होतो. मी डॉक्टरांना म्हणालो, "साहेब, चहा घेऊ." ते तरुण होते, थकलेले होते, आले. खाली टपरीवर उभं राहून, कपात बघत त्यांनी बाकीचं सांगितलं.

मी वर गेलो. मामा जागे होते.

"काय म्हणला डॉक्टर?"

"तसं बघितलं तर ठीक आहे म्हणाले," मी म्हणालो.

मामा माझ्याकडं बघत राहिले. मग उशीवरून मान जरा उचलली.

"सुधाकरा," म्हणाले, "मला चहा पाज."

चहा त्यांना बंद होता. प्रज्ञानं खालून आणला, मी बशीत ओतून त्यांच्या ओठाला लावला. एक घोट झाला, ते थांबले. दुसऱ्या घोटाला मी त्यांना सगळं सांगितलं.