सातव्या पानावरची अट

कागदाचं काम माझं आणि बाळंतिणीचं तिचं, अशी आमची वाटणी होती. मालवणातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात आम्ही दोघी एएनएम होतो. एएनएम म्हणजे नर्सांमधली खालची पायरी. सुया द्यायच्या, लसी टोचायच्या, बाळंतपणं उरकायची आणि कुणी ‘सिस्टर’ म्हटलं की उगाच ताठ चालायचं. ती माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठी. मी तिला वयनी म्हणायचे, म्हणजे वहिनी.

वयनी बाईच्या पोटावर हात ठेवायची आणि सांगायची, ‘‘चाय पिवन येवा, अजून येळ आसा.’’ तिचा अंदाज चुकलेला मी कधी पाहिला नाही. डॉक्टरसुद्धा आधी तिच्याकडे बघायचे आणि मग घड्याळाकडे. मला शीर सापडत नसे तेव्हा माझा हात धरून तिनेच ती शोधायला शिकवलं. पहिलं बाळंतपण करताना मी चक्कर येऊन भिंतीला टेकले होते, तेही तिनं कुणाला कळू दिलं नाही. पण कागद दिसला की तिच्या कपाळावर आठी चढायची. केसपेपर असो, जन्माची नोंद असो की तिच्या घरचं रेशनकार्ड, ती न बघताच माझ्यापुढे सरकवायची. ‘‘तू वाच आनि माका सांग.’’

माझं अक्षर चांगलं, आणि त्याचा मला माज होता.

दहा वर्षांपूर्वी जीएनएमच्या प्रवेशाची पुस्तिका मीच आणली. एएनएमला तो तीन वर्षांचा कोर्स करून वरची नर्स होता येतं. पगार वाढतो, सरकारी जागेला अर्ज करता येतो, डॉक्टरही हाक मारताना जरा जपून मारतात. दुपारी ओपीडी संपल्यावर मी तिला अटी वाचून दाखवायला बसले. नर्सिंग कौन्सिलकडची नोंदणी चालू असलेली हवी, अनुभवाचा दाखला हवा, नोकरी करत असाल तर मालकाचं ना-हरकत पत्र हवं, तब्येतीचा दाखला हवा. आणि नोंदणी झालेल्या एएनएमना वयाची अट नाही. हे ऐकून वयनी हातातले कापसाचे बोळे ठेवून माझ्या जवळ सरकली. तिला तेव्हा एक्केचाळीस पुरी झाली होती.

‘‘परत वाच गो ता,’’ ती म्हणाली. मी परत वाचलं.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना बोलावून सांगितलं, ‘‘दोघीही अर्ज भरा. पण एका वेळी मी एकीलाच सोडू शकतो. दोघींचं नाव लागलं तर आधी मोठी जाईल.’’ त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं. वयनी मान हलवून हसली. मी पण हसले. पण माझ्या घरी वडिलांनी बजावलं होतं की या वर्षी प्रवेश झाला तर ठीक, नाहीतर कणकवलीचं स्थळ पक्कं करायचं. स्थळाकडच्यांना सून शिकलेली हवी होती, शिकत असलेली नको होती.

दोघींचे अर्ज मी भरायला घेतले. सातव्या पानावर, अगदी खाली, बारीक अक्षरात एक अट होती. सर्व कागदांवर उमेदवाराचं नाव एकच असावं, लग्नानंतर नाव बदललं असल्यास राजपत्रातली नोंद जोडावी, नाहीतर अर्ज बाद.

आता आमच्याकडचं लग्न म्हणजे काय, हे सांगायला हवं. नुसतं आडनाव बदलून भागत नाही. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवीन नाव लिहितो आणि माहेरून आलेली मुलगी त्या नावाला ओ देऊ लागते. वयनीचं शाळेचं सर्टिफिकेट, एएनएमचं सर्टिफिकेट, कौन्सिलची नोंदणी, सगळं माहेरच्या नावावर. आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि डॉक्टरांचा अनुभवाचा दाखला तांदळातल्या नावावर. तो दाखलाही मीच लिहिला होता, डॉक्टरांनी फक्त सही केली. कागदांवर बघितलं तर त्या दोन वेगळ्याच बायका होत्या.

राजपत्रात नाव छापून यायला काही आठवडे लागतात. त्या दिवशी सांगितलं असतं तर मुदतीच्या आत सहज झालं असतं. मी ते सातवं पान दोनदा वाचलं. मग पुस्तिका मिटली आणि मूग गिळून बसले. नंतर मनाशी पुष्कळ वकिली केली. तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं, कदाचित तिकडे चालवूनही घेतील, शेवटी माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. पण तिनं विचारलं नसतंच. आमची वाटणीच तशी होती, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. अर्ज भरून झाल्याबद्दल तिनं दुसऱ्या दिवशी घरून माझ्यासाठी तांदळाचे घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस आणला. मी चार घावणे खाल्ले, हेही इथे लिहून ठेवते.

कागद तपासून घ्यायला आम्ही दोघी एसटीनं सावंतवाडीला गेलो. वयनीनं ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली होती. टेबलामागच्या माणसानं माझी फाइल पाच मिनिटांत पुढे ढकलली. तिची उघडली, दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, ‘‘मॅडम, ही दोन नावं आहेत. राजपत्र कुठे आहे?’’

वयनीनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, माझ्या पिशवीत असेल. नेहमी सगळं माझ्याच पिशवीत असायचं.

‘‘पुढच्या वर्षी घेऊन या,’’ तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. आमच्यामागे वीस जणी उभ्या होत्या.

परतीच्या एसटीत कुडाळपर्यंत ती फाइल मांडीवर धरून बसली होती. मग म्हणाली, ‘‘आदी सांगूक होया होता तेनी. गरिबाक अशे फेरे कित्याक?’’

मी म्हटलं, ‘‘होय तर.’’

आधी मी गप्प बसले होते. तेव्हा मात्र खोटं बोलले, दोन शब्दांत, खिडकीबाहेर बघत. मग तिला बरं वाटावं म्हणून, खरं तर मला बरं वाटावं म्हणून, वचन दिलं. ‘‘मी तीन वर्षांनी परत येतंय. मगे तू जा.’’

माझा प्रवेश झाला. कणकवलीचं स्थळ आपोआप दुसरीकडे वळलं. तीन वर्षांनी मला गोव्यात चांगल्या पगाराची जागा मिळाली आणि मी ती घेतली. वचन आठवत होतं, पण दर महिन्याला वाटायचं, पुढच्या महिन्यात बघू. वयनीनं अर्ज बाद झाला त्याच वर्षी राजपत्र करून घेतलं होतं, हे मला फोनवर कळलं. पण मी गेल्यावर प्रसूतिगृहात ती एकटीच उरली. डॉक्टरांना दुसरी टिकाऊ एएनएम मिळेना आणि ते तिला सोडीनात. वर्षं गेली. मी जिल्ह्यात सरकारी नोकरीत परत आले. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं मालवणात जाणं मी टाळत राहिले.

या वर्षी तिचाच फोन आला. सुनेला जीएनएमला घालायचं होतं. सून एएनएम, लग्नाला दोन वर्षं झालेली. ‘‘फॉर्म तूच भर. तुझ्यासारको फॉर्म कोण भरता?’’

नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. रविवारी गेले. वयनीचे केस पांढरे झाले होते. ओसरीवर बसून ती सुपात कुळीथ निवडत होती, सून माझ्या शेजारी फाइल घेऊन. मी सगळ्यात आधी काय पाहिलं असेल, ते सांगायला नको. शाळेचं सर्टिफिकेट, नोंदणी, आधार, लग्नाचा दाखला. सगळीकडे मुलीचं एकच नाव, बापाचं आडनावसुद्धा तेच.

‘‘लग्नात ताट इलेला,’’ वयनी सुपातून मान वर न करता म्हणाली. ‘‘मिया ते तांदूळ भातात घातलंय. माज्या सुनेचा नाव बदलूक दिलंय नाय.’’

सून हसली. मला हसता आलं नाही. मी पुस्तिका उघडून अटी सांगू लागले आणि सवयीनं बोलून गेले, ‘‘नावाची अट तुका लागत नाय, ती सोडूया.’’

सुपातला हात थांबला.

‘‘ही अट तेव्हा पुस्तकात नव्हती मा?’’ वयनीनं विचारलं. आवाजात संशय नव्हता. दहा वर्षं तिनं तेच धरून ठेवलं होतं की अट छापलेलीच नव्हती, आणि दोष त्या टेबलामागच्या माणसाचा. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तिनं कुळीथ निवडले असते, मी चहा घेऊन निघाले असते.

‘‘होती,’’ मी म्हटलं. ‘‘सातव्या पानार. मी वाचललंय.’’

सुनेला काही कळलं नाही. ती एकदा माझ्याकडे आणि एकदा सासूकडे बघत राहिली. वयनीनं सूप खाली ठेवलं आणि हात पदराला पुसले. मला वाटलं, आता ऊठ म्हणेल. मी फाइल मिटायला लागले.

तिनं पुस्तिका माझ्या हातातून घेतली, पहिलं पान काढलं आणि परत माझ्यापुढे ठेवली.

‘‘पयल्यासून वाच,’’ ती म्हणाली. ‘‘मोठ्यान वाच. एक ओळ सोडू नको.’’

मी वाचायला सुरुवात केली. प्रत्येक अटीनंतर ती सुनेला विचारत होती, ‘‘ऐकलंस?’’ आणि सून होय म्हणेपर्यंत मला पुढे जाऊ देत नव्हती.