निळ्या दोरीची गाठ

थंडी ओसरून माती हाताला मऊ लागायला लागली की खुरपीच्या अंगात काहीतरी संचारायचं. एरवी ती तशी साधी बाई. पण त्या पंधरा दिवसांत तिला जेवण गोड लागत नसे, बसवत नसे, घरात कोणी सरळ बोललं तरी ती वाफ्यांबद्दलच उत्तर द्यायची. नवरा म्हणायचा, हिला दरवर्षी एकदा लग्न ठरल्यासारखं होतं, फक्त नवरामुलगा मी नसतो.

खुरपी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ग्रंथालयाच्या मागे, बस डेपोच्या कुंपणाला लागून एक तिकोनी सार्वजनिक बाग आहे. तिथे ती बावीस वर्षं माळीकाम करत होती, आणि तिच्याबरोबर तिची थोरली जाऊ. थोरलीकडे छाटणी आणि कलमं, धाकटीकडे निंदणं आणि खुरपणं. लोकांनी एकीला कात्री आणि दुसरीला खुरपी करून टाकलं. कात्रीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली होती की चला, निदान धार तरी माझ्याच वाट्याला आली. एकाच घरात दोन खोल्यांत, एकाच बागेत दोन टोकांना त्या राहिल्या. दोघींमधून विस्तव जात नसे आणि एकीवाचून दुसरीचं पान हलत नसे.

कात्रीला जाऊन आता दहा महिने झाले होते. आणि खुरपीचे हात तरीही शिवशिवत होते. याची तिला लाज वाटत होती. माणूस गेलं आहे आणि आपल्याला मातीचा वास आला की पोटात गुदगुल्या होतात, हे कुणाला सांगायचं? तिने यंदा मुद्दाम उत्साह दाखवायचा नाही असं ठरवलं होतं. ते जमलं फक्त चार दिवस.

बागेत तीस वाफे आहेत आणि ते आसपासच्या घरांनी वाटून घेतलेले आहेत. थंडी सरल्यावरच्या पहिल्या रविवारी सगळे फावडी-टोपल्या घेऊन येतात. कुणी खिडकीत वाढवलेली रोपं आणतं, कुणी गेल्या वर्षीचं बी जुन्या पाकिटांत भरून आणतं आणि पाकिटावर काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नाही. बाकांना रंग लागतो. खताचा ढीग उघडतात, त्यातून वाफ निघते, आणि ग्रंथपालबाई दरवर्षी त्यात हात घालून अजून गरम आहे असं सगळ्यांना सांगतात. खुरपी या रविवारची वर्षभर वाट बघे. यंदा मात्र ती त्याला घाबरत होती. त्याचं कारण बागेच्या कोपऱ्यातल्या झाडावर, गोणपाटाखाली झाकलेलं होतं.

कोपऱ्यावरच्या बेकरीच्या दाराशी पूर्वी एक सफरचंदाचं झाड होतं. बेकरीवाल्याच्या वडिलांनी लावलेलं. अख्ख्या वस्तीने त्याची फळं खाल्ली होती, बहुतेक वेळा न विचारता. दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना ते तोडलं. तोडायच्या आदल्या दिवशी कात्री शिडी घेऊन गेली, पेन्सिलीएवढ्या तीन काड्या कापल्या, ओल्या कागदात गुंडाळल्या आणि घरातल्या फ्रिजमध्ये भाजीच्या खणात ठेवल्या. तीन आठवडे भाजी बाहेर आणि काड्या आत. खुरपीने यावरून रोज एकदा भांडण केलं. मग कोपऱ्यातल्या रानटी, आंबट फळाच्या सफरचंदावर कात्रीने तिन्ही काड्यांचं कलम बांधलं. दोन सुकल्या. पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या वसंतात, जी एक जगली होती ती वाऱ्याने सांध्यात हलली, तेव्हा कात्रीने ती पुन्हा नीट बसवली, मेण लावलं आणि बांधायला गेली तर कलमाची पट्टी संपलेली. तिने खिशातली निळी नायलॉनची दोरी काढली.

“ही कुजायची नाही,” ती खुरपीला म्हणाली. “कोंब वीतभर वाढला की गाठ सोड. माझं काय, मी तेव्हा कुठे असेन नसेन. सोडली नाहीस तर फांदी जाड होत जाईल आणि दोरी तिचा गळा आवळेल.”

खुरपी म्हणाली होती, मला शिकवू नका, मीही इथे गवत उपटायला आलेले नाही. म्हणजे खरं तर गवत उपटायलाच आली होती, पण ते वेगळं.

त्यानंतर कात्री अंथरुणाला खिळली ती खिळलीच. खुरपी सकाळी बागेत, दुपारी इस्पितळात, संध्याकाळी स्वयंपाकात. कोंब वीतभर झाला, दोन विती झाला, आणि गाठ तिच्या डोक्यातून साफ निसटली. एका दुपारी कात्रीने डोळे उघडून विचारलं, “गाठ सोडलीस?”

“सोडली.”

“नक्की?”

“सोडली म्हटलं ना, जाऊबाई. झोपा आता.”

वेळ मारून नेली, इतकंच. उद्या सकाळी पहिलं काम तेच करायचं असं तिने जिन्यावरून उतरताना ठरवलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातून निरोप आला.

तेरा-चौदा दिवसांनी ती चाकू घेऊन झाडापाशी गेली. कात्री डावखुरी होती, तिची गाठ उलटी पडे. टोक डाव्या बाजूने आत खोचलेलं, मेणात तिच्या अंगठ्याचा ठसा. खुरपी त्या गाठीकडे बघत उभी राहिली. आणि तेवढ्यात कुंपणाच्या झुडपांमागून, अगदी नेहमीच्या त्रासलेल्या सुरात आवाज आला, “गाठ सोडलीस?”

तिने मागे वळून पाहिलं. झुडपांमागे डेपोची भिंत होती आणि एक रिकामी बस. तिने चाकू खिशात घातला.

तेव्हापासून तो आवाज तिला सोडत नव्हता. हत्यारांची खोली उघडली की, नळाखाली बादली लावली की, कधी दुपारच्या शांततेत छाटणीच्या कात्रीची कच्चकच्च ऐकू यायची आणि मग तोच प्रश्न. पहिल्या पहिल्यांदा खुरपी हातातलं काम टाकून बाहेर यायची. मग ती उत्तर द्यायला लागली. “उद्या,” ती म्हणायची. आवाज गप्प व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. असं करता करता तिला एक गोष्ट कळली, आणि ती तिने नवऱ्यालाही सांगितली नाही. जोवर गाठ आहे तोवर प्रश्न आहे. ज्या दिवशी ती गाठ सोडेल त्या दिवशी कात्रीला विचारायला काही उरणार नाही.

खुरपी काही अडाणी नव्हती. बावीस वर्षं झाडांत काढलेल्या बाईला दोरी काय करते हे सांगावं लागत नाही. पानगळीपर्यंत फांदी दोरीच्या वर फुगली होती, सालीने दोरी अर्धी गिळली होती. तिने त्यावर गोणपाट गुंडाळलं आणि सगळ्यांना सांगितलं की थंडी लागू नये म्हणून आहे. लोकांनी मान डोलावली. माळीण सांगते तर तसंच असेल.

शनिवारी सकाळी तिने हत्यारांची खोली उघडली. खिळ्यावर कात्रीचे हातमोजे होते, बोटं अजून वाकलेली. शेजारी तिचा मिटणारा कलमाचा चाकू. खुरपीने फावडी मोजून बाहेर काढली, पाती घासली, रंगाचे डबे उघडून पाहिले. हे करताना ती गुणगुणत होती हे तिच्या लक्षात आलं आणि ती एकदम थांबली.

“गाठ सोडलीस?”

“उद्या,” ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की उद्या रविवार आहे.

रविवारी ऊन चांगलं पडलं. पोरंबाळं धरून साठेक माणसं आली. ग्रंथपालबाईंनी खतात हात घातला आणि अजून गरम आहे असं सांगितलं. डेपोतल्या एका बसचालकाने बाकाला रंग देताना स्वतःच्या पँटलाही दिला. खुरपी इकडून तिकडे धावत होती, कुणाला ओळीतलं अंतर दाखवत होती, कुणाच्या हातातलं फावडं काढून घेऊन असं नव्हे असं म्हणत होती. खोटं कशाला बोलायचं, तिला फार आनंद झाला होता. दहा महिन्यांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

मग बेकरीवाला आला. म्हातारा, पाठीत वाकलेला, हातात पावाची मोठी पिशवी. पिशवी त्याने बाकावर ठेवली, ओल्या रंगावरच, आणि तडक कोपऱ्यातल्या झाडाकडे गेला. खुरपी त्याच्यामागे गेली. तिला पळून जावंसं वाटत होतं.

रानटी झाडाचे सगळे डोळे हिरवे फुटले होते. त्या एका फांदीचे मात्र मिटलेले होते, काळपट, चिमटलेले. बेकरीवाल्याने नखाने साल थोडी खरवडली. आत हिरवं होतं.

“जिवंत आहे,” तो म्हणाला. “मग उठत का नाही ही?”

म्हाताऱ्याने गोणपाटाला हात घातला तसं खुरपीने त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट की त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. आणि त्याच क्षणी झुडपांमागून, साठ माणसांच्या कलकलाटातून, तिला स्पष्ट ऐकू आलं, “गाठ सोडलीस?”

या वेळी उद्या म्हणायला जागा नव्हती. उद्या हा शब्द त्या फांदीला पुरणार नव्हता. तिची नजर म्हाताऱ्याच्या हातावर गेली. पीठ बोटांच्या रेषांत बसलेला तो हात अजून तिच्या मुठीत होता. साऱ्या जगात त्याच्या बापाच्या झाडाचं एवढंच उरलं होतं, आणि ते तिने दहा महिने गळा आवळून ठेवलं होतं, एका आवाजाच्या लोभापायी. तिने त्याचं मनगट सोडलं आणि गोणपाट स्वतः काढलं.

बेकरीवाल्याने चेहरा जवळ नेला. फांदीचा गळा खाली बारीक, वर गाठोडं आल्यासारखा फुगलेला, आणि मधे सालीच्या ओठांत निळी रेघ.

“जाऊबाईंनी मला विचारलं होतं,” खुरपी म्हणाली. “इस्पितळात. मी म्हटलं, सोडली. खोटं बोलले मी त्यांच्याशी.”

“ते नंतर,” बेकरीवाला म्हणाला. “आधी कापा, बाई.”

ती खोलीत जाऊन कात्रीचा चाकू घेऊन आली. गाठीच्या विरुद्ध बाजूने, फांदीच्या लांबीत, तिने सालीवर हलका छेद दिला. पातं जराही हललं नाही, ही इतक्या वर्षांची सवय. दोरी तुटताना बारीकसा आवाज झाला. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, तसं तुटल्यावरही दोरीने आपलं वेटोळं सोडलं नाही. तीन तुकडे ओढून काढता आले. गाठीचा तुकडा मात्र फांदीने इतका आत घेतला होता की तो काढायचा तर सांधाच फुटला असता. खुरपीने त्याला हात लावला नाही.

“तेवढी राहू दे,” ती म्हणाली. बेकरीवाल्याने मान हलवली.

फांदीच्या अशक्त मानेला आधार म्हणून तिने एक सरळ काठी लावली आणि जुन्या सुती कापडाची पट्टी बांधली. सैल, आत बोट जाईल इतकी. गाठ उजव्या हाताची पडली. मग ती सरळ उभी राहिली आणि झुडपांकडे तोंड करून, शेजारी म्हातारा उभा असतानाही, मोठ्याने म्हणाली, “सोडली, जाऊबाई.”

ती थांबली. आता बोलणी बसणार हे तिला ठाऊक होतं. दहा महिन्यांचा उशीर, खोटं बोलणं, गोणपाट, एकेकाचा हिशोब कात्री चुकता करणार होती. खुरपीने खांदे आवळून घेतले. झुडपांमागे एक बस सुरू झाली आणि निघून गेली. मागे कुणीतरी खताची टोपली कुठे ठेवू म्हणून हाक मारत होतं. बाकी काही नाही.

तिने नळाशी जाऊन पाहिलं. हत्यारांच्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं आणि हातमोज्यांसमोर उभी राहिली. खिळ्यावर हातमोजे होते, दुसरं कुणी नव्हतं. तिथे ती बसली आणि रडली, इस्पितळात रडली नव्हती तितकी.

तिसऱ्या आठवड्यात फांदीचे डोळे उघडले. आधी दोन, मग सगळे. बेकरीवाल्याने वस्तीभर सांगितलं, लोक येऊन बघून गेले, ग्रंथपालबाईंनी फांदीलाही हात लावून पाहिला. खुरपीला मनापासून बरं वाटलं. झाड वाचलं याचं सुख तिला झालं होतं आणि ते तिने लपवलंही नाही.

पण रोज सकाळी, बागेत कुणी यायच्या आधी, ती कोपऱ्यात जाते. कापडाच्या पट्टीत बोट घालून बघते. थोडा वेळ झुडपांकडे कान देते. मग, कुणी विचारत नाही म्हणून, स्वतःच विचारते, “गाठ सैल आहे ना?” त्रासलेला सूर काढायचा ती फार प्रयत्न करते. आवाज मात्र दर वेळी तिचाच येतो.