कसबा बावड्यात मांडलेला लॉकर

आमच्याकडे फौजी म्हणजे आर्मीवाला. कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत उभं राहून हाक मारली तर दोन-तीन माजी सैनिक सहज दारात येतील, नेव्हीवाला मात्र औषधालाही सापडणार नाही. त्यामुळे मी नेव्हीत लागले तेव्हा लोकांना नक्की काय झालंय तेच कळेना. समुद्र म्हणजे गगनबावड्याचा घाट उतरून मासे खायला जायची जागा, तिथं नोकरी कसली करायची? "बोटीवर तिकिटं फाडतीस काय गं?" असं शेजारच्या काकूंनी मला अगदी मायेनं विचारलं होतं. पहिल्या सुट्टीत माझा पांढराशुभ्र गणवेश दोरीवर वाळत होता, तर दूध घालायला आलेले गृहस्थ म्हणाले, "घरात बँडवालं कोण झालं?" मी त्यांना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माझं तोंड असं आहे आणि ते आमच्या आबांवर गेलंय. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. आर्मीतून हवालदार होऊन निवृत्त झाले, पण शिस्त निवृत्त झाली नाही. त्यांची काळी पत्र्याची ट्रंक अजून पुढच्या सोप्यात असते आणि तिच्यावर कुणी बूड टेकवलं की आबा अंगावर येतात. आमचं घर एकत्र, चूल एक, भांडणंही एकत्रच.

मागच्या मे महिन्यात मी सुट्टीवर आले, तेव्हा घरात वेगळंच रण पेटलं होतं. आबांची धाकटी लेक बारावी झाली होती आणि तिला माझ्यासारखं नेव्हीत जायचं होतं. ती मला आक्का म्हणते आणि मी करीन ते तिला करायचं असतं. आबांचं उत्तर एका शब्दाचं होतं, "न्हाय."

मी मध्ये पडले, म्हणजे फुशारकी मारायलाच गेले. बोटीवर आम्ही कसे राहतो ते रंगवून सांगितलं. एकावर एक तीन बंक, मधल्या बंकवर उताणं झोपलं की वरचा पत्रा नाकापासून वीतभर. कूस बदलायची तर आधी विचार करायचा. आणि सगळा संसार एका लॉकरात. माझ्या आईच्या शिलाई मशीनशेजारी दोन कप्प्यांचं लाकडी कपाट आहे, बॉबिनी आणि चिंध्या ठेवायचं. "तेवढाच लॉकर," मी म्हणाले. "त्यात वर्षाचं सगळं."

"मंजे कोंबड्याचं खुराडं," आबा म्हणाले. "त्यात मी माझी पोरगी कोंडू?"

"कोंडायचं कशाला? मी राहतो की त्यात!" कोल्हापूरच्या पोरी 'राहते' म्हणत नाहीत, चिडल्यावर तर नाहीच.

"थापा मारू नगंस. जवानाचं सामान बसवायला ट्रंक लागती, ती बी माझ्यागत रचायला आली तर. तुझ्या ह्या डबड्यात निम्मं बी बसायचं न्हाय."

"बसवून दाखवू?"

"तू बसवशील की. तुला पगार हाय त्याचा." आबांनी बोट धाकटीकडे केलं. "हिनं बसवावं. रविवारी, सगळ्यांच्या म्होरं. बसलं तर जाऊ दे बोटीवर. न्हाय बसलं तर ह्या घरात पुन्हा नेव्हीचं नाव न्हाय."

आमच्याकडे ईर्षेला पडणं, म्हणजे पैज घेणं, हा काही गुन्हा नाही, उलट न पडणारा माणूस संशयित. धाकटी म्हणाली, "ठरलं." मला मात्र ते रचायला शिकताना प्रशिक्षणात रडू कोसळलं होतं, आणि हिला रविवारपर्यंत शिकायचं होतं.

मी तिला तशीच शिकवली जशी मला शिकवली होती. तिनं कपाट भरलं की मी एक नजर टाकायचे आणि सगळं जमिनीवर ओतायचे. ती दात खाऊन पुन्हा भरायची. पांढरा शर्ट आणि पँट उलटी करून घडी घालायची, म्हणजे कशाला घासली तरी काळं आतल्या बाजूला लागतं आणि इस्त्रीची धारही मोडत नाही. कामाचे निळे कपडे गुंडाळायचे, इतके घट्ट की वळकटी फेकून मारली तर लागली पाहिजे. बुटात मोजे, टोपीत रुमाल, मगात ब्रश. लॉकरात रिकामी जागा म्हणजे हलायला जागा, आणि समुद्रात जे हलतं ते फुटतं. मोठी आई, म्हणजे धाकटीची आई, स्वयंपाकघरातून बघायची आणि म्हणायची, "अगं, एवढ्या नेटानं कधी साडीची घडी घातलीस काय?"

रविवारी सकाळी आबांनी अंगणात सतरंजी टाकली. आबांनी कुणाला बोलावलं नव्हतं, पण तालमीतली पोरं आली, शेजारचे निवृत्त सुभेदार आले, दूधवाले थांबले, आणि मोठ्या आईनं भडंगाचं घमेलं मधोमध ठेवलं. माझं सगळं किट सतरंजीवर मांडलं होतं. पांढरे तीन जोड, निळे तीन, स्वेटर, काळे बूट, पांढरे बूट, टोपी, पट्टा, टॉवेल, चादर, साबण-तेल, दोन पुस्तकं. आतले कपडे मोठ्या आईनं उशीच्या अभ्र्यात घालून दिले, कारण बापे बसलेले. समोर ते कपाट.

"आक्कानं तोंड उघडायचं न्हाय," आबांनी मला बजावलं. मला तोंड न उघडायला सांगणं म्हणजे काय शिक्षा, ते आमच्या घराला माहीत आहे.

धाकटीनं सुरुवात झकास केली. खालचा कप्पा गच्च, वरचा भरत आला, आणि शेवटी स्वेटर उरला. तो आत घातला तर दार दोन बोटं उघडं राहायला लागलं. तिनं गुडघा लावला. दार कुरकुरलं पण बसेना. गर्दीत कुणीतरी "चितपट" म्हणालं. सुभेदार सुस्कारा सोडून भडंगाकडे वळले. मी ओठ चावत बसले होते. चूक मला दिसत होती, चादर तिनं घडी करून घातली होती. ती उभी राहिली, घाम पुसला, एकदा वडिलांकडे बघितलं. मला वाटलं आता रडणार.

तिनं दोन्ही कप्पे स्वतःच्या हातानं सतरंजीवर ओतले. माझ्यासारखेच, धाडकन. आणि पुन्हा पहिल्यापासून लागली. ह्या वेळी चादर गुंडाळून कप्प्याच्या मागच्या भिंतीला उभी लावली, स्वेटर चपटा करून पांढऱ्या कपड्यांखाली गादीसारखा अंथरला. दार लागलं. कडी बसली. तालमीतल्या पोरांनी अशी आरोळी मारली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

तेवढ्यात माझी आई आतून चटणीची बरणी घेऊन आली. आमची चटणी म्हणजे कांदा-लसणाची, लालभडक, तेल सुटलेली. "आणि हे कुठं ठेवणार?" आई भाबडेपणानं म्हणाली. "चटणीबिगर पोरगी खाणार काय तिथं?"

मी कपाळाला हात लावला. नेव्हीच्या पांढऱ्या कपड्यांशेजारी कोल्हापुरी चटणी ठेवायला आमचीच आई सांगू शकते. आबांच्या मिशीत हसू आलं. "हां, हे बरोबर. हे बी बसीव."

धाकटीनं क्षणभर विचार केला. खालचे काळे बूट काढले, एकातले मोजे उपसले, बरणीला प्लास्टिकची पिशवी घालून गाठ मारली, तिच्यावर तेच मोजे गुंडाळले आणि बरणी बुटात खुपसली. बूट आपल्या जागी, तळाला. हे मी शिकवलं नव्हतं. खरं सांगते, मला सुचलंही नसतं.

"बोट हालती," आबा म्हणाले. "हलवा रं."

तालमीतल्या दोघांनी कपाट उचललं आणि अंगणभर डोलवलं, उजवीकडे, डावीकडे, मग हौसेनं उलटंसुद्धा केलं. आबा कपाटाला कान लावून बरोबर चालत होते. आत काही वाजलं नाही. मग त्यांनी स्वतः दार उघडलं, पांढरा जोड काढला आणि माझ्या हातात दिला. "तू घाल. तिनं अजून कमावला न्हाय."

मी आत जाऊन तयार झाले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पट्टा, टोपी. आरशात बघितलं तर एक ठिपका नाही आणि पँटची धार दाढीच्या पात्यासारखी. मी अंगणात येऊन ताठ उभी राहिले. दूधवाले उठून उभे राहिले, का ते त्यांनाही कळलं नसावं. आबा माझ्याभोवती फिरले, धारेवरून नख फिरवलं, कॉलर उलटून बघितली. मग वळून गर्दीला म्हणाले, "माझी पोरगी नेव्हीत चालली. कुणाला काय म्हणायचं हाय?"

मोठी आई रडत होती आणि सगळ्यांना भडंग वाढत होती. सुभेदारांनी धाकटीचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. मला इतका आनंद झाला होता की पांढऱ्या कपड्यांत आहे हे विसरून मी धाकटीला उचलली. माझी स्वतःची भरती झाली तेव्हासुद्धा मी एवढी खूश नव्हते.

गर्दी पांगली. आबा एकटेच सतरंजीची घडी घालत होते, चारी टोकं जुळवून. धाकटी मदतीला गेली, तर तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुला पवायला येतंय काय?"

"न्हाय," ती म्हणाली.

आबांचे हात घडीवरच थांबले. तेव्हा मला कळलं की हा माणूस इतके दिवस कपाटाबद्दल भांडतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच घरामागच्या मळ्यातल्या विहिरीवरून आबांचा आवाज ऐकू येत होता. मी धावत गेले. आबा छातीएवढ्या पाण्यात पायरीवर उभे होते, दोन्ही हात पसरून, आणि धाकटी वर काठावर.

"मार उडी!" आबा ओरडले. "मी हाय की हितं. तिथं नसणार हाय मी, म्हणून आत्ताच शिक. मार!"

तिनं मारली.