मोसंबीचा सहावा महिना

१७ मे. ठेवणीतल्या बाटल्या उघडून चव बघायची होती.

वाळूजमधल्या आमच्या सरबताच्या कारखान्यात कोणतं पेय कधी सुरू करायचं, किती टिकेल आणि कधी बंद करायचं, हे माझ्याकडं होतं. मोसंबीचं सरबत दोनदा बंद करून झालं होतं. काढलं तेव्हा गोड, महिनाभरात कडू. दोष सालीखालच्या पांढऱ्या भागाचा. म्हणून तिसऱ्या खेपेला मी सालीसकट फळ पिळणारं यंत्र बाजूला ठेवलं, बायकांकडून फळं हातानं सोलून घेतली आणि दर महिन्याला एकेक छोटी बॅच काढत गेले. पहिल्या बॅचला आज सहा महिने होत होते. कडू निघाली तर मोसंबी कायमची बंद, असं मालकांनी सांगून ठेवलं होतं. सकाळपासून माझं दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं.

नमुने थंड खोलीत ठेवायची रीत. मी निम्मे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले होते, कारण गावातल्या दुकानात आमची बाटली उन्हातच उभी असते. मालक तेव्हा हसले होते.

चव बघायला पॅकिंगवरच्या मावशी. राहायला बजाजनगरात, मूळच्या अजिंठ्याकडच्या. तोंडदेखलं बोलणं त्यांना जमत नसे. थंड खोलीतल्या पेल्याला त्यांनी मान डोलावली. मग शेडमधला घोट तोंडात घोळवला. मालक खुर्चीतून उठलेच.

"कडू नाय," मावशी म्हणाल्या. मी टेबलावर थाप मारली. "पण म्याडम, मोसंबी बी नाय यात. नुसतं साखरंचं पाणी हाय."

मालकांचा चेहरा पडला. मला मात्र हुरूप आला. कडूपणाचा प्रश्न सुटला होता. स्वाद कधी उडतो तेवढंच शोधायचं राहिलं होतं. मी धावत शेडमधून पाच महिन्यांची बाटली आणली, मग चारची. पाचला मावशींनी नाक मुरडलं. चारचा पेला रिकामा करून आणखी मागितला.

चार महिन्यांच्या मुदतीचा माल दुकानदार घेणार नाहीत, मालक म्हणाले. थंड खोलीतला चांगला आहे ना, लेबलवर सहाच छापू.

"साहेब, दुकानदाराकडं थंड खोली नाही. चार छापा. हंगामात करू, चार महिन्यांत संपवू, मग पुढच्या हंगामापर्यंत बंद."

त्यांनी मावशींच्या हातातल्या दुसऱ्या पेल्याकडं पाहिलं. तोही संपत आला होता. चार छापा, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजार समितीत गेले आणि यंदाच्या हंगामातल्या शेवटच्या तोडीची मोसंबी कापून, चाखून टेम्पोभर घेऊन आले.