वाळूतली सही

दत्ताकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओरोसला एका कचेरीत रांगेत उभा होतो. तिथूनच गावाच्या व्हॉट्सॲप गटावर बातमी टाकली : ‘वीजवीरचे चित्रकार गेले.’ गावी, मिठबावला पोचेपर्यंत चौघांनी विचारलं होतं, ‘पण गेले कोण?’ नाव लिहायचंच राहिलं होतं. आणि हा गाढवपणा माझा पहिला नव्हे...

वीजवीर म्हणजे निळा झगा घालून उडणारा तो नायक. त्याच्या चित्रकथांपायी आमच्या पिढीने घरी मार खाल्ला. मुखपृष्ठं सगळी काकांची. प्रकाशक मात्र चित्रकाराचं नाव छापत नसे. मुंबई सोडून काका गावी आले, तरी सुटका नाही. लग्नपत्रिकेवर वीजवीर हवा, क्रिकेटच्या फलकावर वीजवीर हवा. मी वाचनालयाचा सचिव. दिवाळी अंकासाठी मुखपृष्ठ मागायला गेलो आणि अर्थातच म्हणालो, “काका, मागे आभाळात एक वीजवीर...”

“रे, आयुष्यभर तेका उडयलंय. आता माका जमनीर उतराक दी.”

त्यांनी रापणीचं चित्र काढलं, गावकरी किनाऱ्यावरून मासळीचं जाळं ओढतात त्याचं. दोरावर वाकलेली माणसं, चेहरा कुणाचाच नाही, नुसत्या पाठी आणि ओली वाळू. वाळूत, उजव्या कोपऱ्यात, काडीने ओढल्यासारखी सही : दत्ताराम. मुखपृष्ठावरची त्यांची पहिलीच. दाखवताना ते चित्राकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

माझ्या डोक्यात मात्र खप. छापखान्यात उभ्या उभ्या तळाला लाल पट्टी टाकली : ‘वीजवीरच्या चित्रकाराचे नवे मुखपृष्ठ’. सही तिच्याखाली गेली. अंक हातात घेऊन काका बराच वेळ पट्टीवर अंगठा घासत राहिले.

“परत तेच्याच झग्यात कोंबलंस मरे माका!”

ते हसले म्हणून मीही हसलो. एवढी माझी अक्कल! अंक खपला नाहीच. उरलेला गठ्ठा काका मागून घेऊन गेले तेव्हा वाटलं, रद्दीत घालणार.

बाराव्यानंतर काकीने मला त्यांच्या खोलीत नेलं. गठ्ठा टेबलावर होता. वरच्या अंकावर पट्टी नव्हती. तिच्या जागी ब्रशने रंगवलेली वाळू, आणि तीत सही. खालच्यावर तेच. त्याच्या खालच्यावरही. एका अंकावर पट्टी अर्धीच झाकली होती, ‘वीजवीरच्या’ एवढंच उरलं होतं... त्यापुढे नुसत्या लाल पट्ट्या.

“रवलेले आता तू कर,” काकीने रंगांची डबी पुढे सरकवली. “पट्टी तुझीच मा?”

तेव्हापासून दर रविवारी मी त्या खुर्चीत अडकलेला असतो. पहिली वाळू शेवाळासारखी झाली; काकीने ती बघून नुसती मान फिरवली. आता जरा बरी जमते. पट्टी पुरती बुजते, अंक वाळत ठेवतो, आणि ओला ब्रश हातात धरून उजव्या कोपऱ्याकडे बघत बसतो. तिथे काय हवं ते मला ठाऊक आहे. ते लिहिणारा हात माझा नाही.