पाण्याचं कडवं

मागच्या महिन्यात लातूरच्या एका कॉलेजात मला बोलावलं होतं. गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला, आणि सूत्रसंचालन करणारे प्राध्यापक कानाशी लागून म्हणाले, "शाहीर, पोरं निराश आहेत हल्ली. शेवटी काहीतरी आशादायी होऊ द्या." माझं डोकं तिथंच फिरलं. आशा म्हणजे काय जेवणानंतरची बडीशेप आहे का, शेवटी चिमूटभर हातावर ठेवायला? आयुष्य गेलं माझं गाणी करण्यात. ज्यांना तहान लागलेली नसते, तेच गाण्यात आशा मागतात, एवढं मला पक्कं कळलेलं आहे.

तरी गायलो. खडीचं गाणं गायलो, कारण सगळीकडं तेच मागतात. संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "तुमच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तुमचं नाव येतं. ह्याच गाण्यात का नाही?" म्हणाली. शाहिराची ती रीत आहे. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचं. आम्ही त्याला छाप म्हणतो. गाणं कुणाचं, ते गाण्यातच कळावं म्हणून. मी तिला काहीतरी थातुरमातुर सांगून खाली बसलो. परतताना एसटीत सगळा रस्ता स्वतःवरच चिडत होतो. त्या पोरीला खरं सांगायला पाहिजे होतं. तिथं जमलं नाही, ते इथं सांगतो.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं, कंधारच्या शिवेला लागून. गावाच्या उताराला आमची वस्ती. आमच्या हाताचं पाणी गावाला चालत नव्हतं. विहिरीवर आमच्या बायांनी घागरी घेऊन बाजूला बसायचं, वरच्या कुण्या बाईला दया आली तर तिनं वरून धार सोडायची. दया यायला कधी तास लागायचा, कधी दुपार व्हायची. आई सांगायची, बसून बसून गुडघे धरतात, पण उठता येत नाही. उठलं की नंबर गेला.

मग तो मोठा दुष्काळ पडला आणि सगळं गाव रस्त्याच्या कामावर आलं. ज्या घरच्या बायकांचा पदर कधी उंबऱ्याबाहेर दिसला नव्हता, त्या आमच्या बायांच्या शेजारी बसून खडी फोडू लागल्या. जुन्या टायरच्या कड्यात दगड धरायचा, म्हणजे उडत नाही, आणि वरून हातोडा घालायचा. दिवसभर तेच. मी तेव्हा तरुण होतो, जलशात गायचो, आणि आपण लई मोठे कवी आहोत असं मला वाटायचं. बाया म्हणाल्या, गाणं म्हण, हात चालत न्हाईत. मी माझी ठेवणीतली गाणी काढली. पहाट, क्रांती, उगवता सूर्य, सगळं होतं त्यात.

वस्तीतली माझी एक लांबची आत्या होती. नवरा लवकर गेलेला, अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. तिनं हातोडा थांबवला आणि म्हणाली, "तुझं गाणं हाताला लागंना बाबा. तू नुसता पळून राहिलास. एक ओळ म्हण अन् गप बस. घाव पडू दे. मग फुडली ओळ." मला राग आला. पण करून बघितलं. ओळ, मग एक मात्रा मोकळी, त्या मोकळ्या मात्रेवर शेदीडशे हातोडे एकदम पडले. जलशात गायलो होतो, पण तोवर मला गाणं येत नव्हतं हे मला त्या दिवशी कळलं.

कडवी मी रचत गेलो, बाया घाव घालत गेल्या. पाण्याचं कडवं मात्र माझं नाही. कामावर पाण्याचा माठ असायचा आणि पाणी वाढायला एक माणूस. वरच्या आळीतल्या बायांना तो भरलेला तांब्या हातात द्यायचा. आमच्यांना ओंजळ करायला लावून वरून ओतायचा. एके दिवशी आत्याचा अंगठा दगडाच्या कपचीनं फुटला होता, वर चिंधी बांधलेली. तिची ओंजळ नीट जुळेना. पाणी बोटांतून गळून गेलं. ती म्हणाली, "अजून थोडं वाढ की." तो म्हणाला, "झालं की तुझं," आणि पुढं गेला. तिच्या शेजारी खडी फोडणारी वरच्या आळीतली बाई तांब्यानं घटाघटा पाणी पीत होती. तिनं आत्याकडं बघितलं आणि मान फिरवली.

आत्या परत जागेवर येऊन बसली. हातोडा उचलला आणि माझ्याच चालीत, एकेका घावावर म्हणाली:

एकाच ढिगात खडी तुझी-माझी,
एकाच उन्हात पाठ गं;
पाण्याच्या येळी तुझी-माझी का
येगळी झाली वाट गं?

त्यावर हातोडे पडले, पण फक्त आमच्यांचे.

संध्याकाळी मी तिच्या दारात जाऊन बसलो. म्हणालो, आत्या, हे कडवं मला दे. ती म्हणाली, "घे की. समदं गाणं तुझंच म्हण, शेवटाला तुझं नाव घाल. मला लिव्हता येत न्हाई अन् नावबी नको. पण जिथं गाशील तिथं हे कडवं गायचं. ते गाळायचं न्हाई." मी चिमटीत गळा धरून शपथ घेतली. आमच्याकडं गाणाऱ्यानं गळा धरून सांगितलेलं मोडत नाहीत.

पुढची कैक वर्षं ती शपथ मी पाळली. कंधारच्या बाजारात गायलो, नांदेडला गायलो. बिलोलीकडच्या एका खेड्यात ते कडवं सुरू केलं तर पुढची माणसं उठून गेली आणि मागून दगड आले. ढोलकीवाल्याच्या कपाळाला खोक पडली. तरी कडवं पुरं केलं. गावी आलो की आत्या विचारायची, "म्हणलास का?" मी म्हणायचो, म्हणलं. मग ती मला भाकरी वाढायची.

मग नवा जिल्हा झाला. आजच्या पोरांना त्याचं काय वाटणार? आधी एका सहीसाठी उस्मानाबाद गाठायचं म्हणजे पहाटेची एसटी धरायची, आणि साहेब रजेवर असला तर तसंच परत. आता लातूर आपलं, कचेरी आपली, पाट्यांचा रंग अजून ओला. मीही पेढे वाटले. खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं की आता काहीतरी होईल.

त्याच दिवसांत तालुक्यातले एक पुढारी वस्तीवर आले. बाजेवर बसले, आमच्या कपातून चहा पिऊन दाखवला. म्हणाले, "शाहीर, अहमदपूरला नव्या जिल्ह्याचा मोठा कार्यक्रम ठेवलाय. वरची माणसं येणार. तुमचं खडीचं गाणं पाहिजे. तेवढं ते पाण्याचं कडवं राहू द्या. आनंदाचा दिवस आहे, जुनं कशाला उकरायचं?"

"जुनं कुठं?" मी म्हणालो. "आज सकाळीच बाया विहिरीवर बसून आल्या."

"तेच तर म्हणतोय मी. तुमच्या वस्तीला हापसा देतो. स्टेजवरूनच जाहीर करतो. दारात पाणी आलं, मग त्या कडव्याची गरज काय?"

मला ते पटलं. आता वाचून कुणी म्हणेल, शाहीर विकला गेला. पण त्या वेळी मला ती लाच वाटली नाही, आशा वाटली. कडवं पाण्यासाठी होतं आणि पाणी तर मिळत होतं. म्हणून मला ह्या आशा वाटणाऱ्यांचा एवढा संताप येतो. आत्याला मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक होतं, म्हणूनच नाही विचारलं.

कार्यक्रम मार्केट यार्डाच्या मैदानात होता. आमच्या बायांना ट्रकनं आणून पुढं बसवलं होतं. आत्या नवं लुगडं नेसून आली होती. मी गाऊ लागलो. ढोलकीवाला पुढाऱ्यांनीच आणलेला, त्यानं प्रत्येक मोकळी मात्रा तोड्यांनी भरून टाकली. आत्या मांडीवर हात मारून घाव धरत होती. पाण्याच्या कडव्याची जागा आली. मी ती उडी मारून ओलांडली आणि सरळ छापेवर गेलो, माझं नाव मोठ्यानं घेतलं. मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्याचा हात मांडीवर तसाच पडून होता.

हापसा जाहीर झाला, पुन्हा टाळ्या. वस्तीत ट्रकातून उतरल्यावर आत्या म्हणाली, "गळ्याला हात लावला हुतास."

"आत्या, हापसा येतोय. आपल्या दारात."

"येऊ दे," ती म्हणाली. "आला म्हंजी बोलू."

बोअरची गाडी आली ती थेट देवळासमोरच्या चौकात गेली. मी पळत गेलो. तिथले लोक म्हणाले, पाणाड्यानं सांगितलं, वस्तीत झरा नाही, झरा इथं आहे. अरे, तो पाणाड्या वस्तीच्या उताराला एक पाऊल उतरला नव्हता. मी पुढाऱ्यांकडं गेलो. ते हसून म्हणाले, "हापसा सगळ्यांचाच आहे की शाहीर. आता काय तुम्हाला वेगळा पाहिजे? वेगळं-वेगळं नको असं तुमचंच गाणं म्हणतंय ना?" माझ्याच गाण्याचा जोडा माझ्याच तोंडावर मारला. आणि मी तसाच घरी आलो. आजही ते आठवलं की रात्रीचं जेवण जात नाही.

पाणी सुरू झालं. आमच्या बाया पुन्हा बाजूला बसल्या. फरक एवढाच की आता दोराऐवजी दांडा होता. आमच्यातल्या एकीनं दांड्याला हात लावला तर वरच्या आळीतल्या बायांनी तो आधी धुतला, मग पाणी हापसलं.

आठवड्यानं रीतसर उद्घाटन ठेवलं. नारळ, हार, भोंगा सगळं आणलं. पुढारी म्हणाले, "शाहीर, होऊन जाऊ द्या ते गाणं." मी उठलो. ढोलकीवाल्याला हात करून थांबवलं. आणि पहिलंच कडवं पाण्याचं धरलं. एक ओळ म्हणालो, गप्प बसलो. मोकळी मात्रा तशीच मोकळी राहिली. सगळा चौक माझ्याकडं बघत होता.

दुसरी ओळ म्हणालो. ह्या वेळी मात्रेवर टण्ण आवाज आला. आत्यानं हातातला खडा जर्मनच्या घागरीवर मारला होता. तिसऱ्या ओळीला आमच्या सगळ्या बायांचे खडे पडले. वरच्या आळीतल्या बाया खाली बघत उभ्या होत्या. गाणं त्यांनाही पाठ होतं, खडी त्यांनीही फोडली होती. पुढारी "बास, बास" म्हणत होते. भोंगा बंद केला कुणीतरी. मला भोंगा कधी लागला होता?

आत्या उठली. नारळ अजून फुटायचा होता. ती सरळ हापशापाशी गेली, घागर खाली ठेवली, दांडा धरला आणि हापसायला लागली. तिची घागर भरेपर्यंत मी तेच कडवं पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. कुणी पुढं झालं नाही.

त्या दिवशी आडवं यायची कुणाची हिंमत झाली नाही, दुसऱ्या दिवशी झाली. घागरी उलथल्या, शिव्या झाल्या, एकीचा हात मोडला. तिसऱ्या दिवशी बाया पुन्हा गेल्या, गाणं म्हणत गेल्या. अख्खा उन्हाळा रोज सकाळी जात राहिल्या, आणि पावसाळ्यापर्यंत दांडा धुवायचा बंद झाला. कॉलेजातल्या त्या प्राध्यापकांनी हे बघायला यायला पाहिजे होतं.

पण त्या मुलीनं विचारलं होतं ते वेगळं. उद्घाटनाच्या दिवशी आत्याची घागर भरली, तशी मी गाणं संपवायला छापेच्या कडव्यावर आलो. माझं नाव ओठावर आलं होतं. आत्या घागर कमरेवर घेऊन उताराकडं निघाली होती. ती माझ्याजवळ थांबली आणि मला एकट्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "नाव घेऊ नको. ते तू त्या दिशी अहमदपुरात इकलंस."