आबांच्या खोलीचा पाया

परवा शेजारी बांधकाम सुरू झालं. ओल्या सिमेंटचा वास आला आणि मुखेडच्या आमच्या घराला नवी खोली जोडत होतो ते दिवस आठवले. खोली माझ्या वडिलांसाठी होती. आई गेल्यावरही आबा गाव सोडायला तयार नव्हते. काम बघायला म्हणून तेवढे दोन दिवस आले होते.

गफूर मिस्त्रींनी जुन्या पायाला भोकं पाडली होती. त्यांत सळया बसवून नवा पाया जोडायचा होता. "आधी धूळ काढा, न्हाई तर सळई धरत न्हाई," ते कामगाराला म्हणाले. तो यायच्या आत आबाच सायकलचा पंप घेऊन खड्ड्यात उतरले आणि एकेक भोक साफ करू लागले. मिशा धुळीनं पांढऱ्या झाल्या.

"आबा, दम लागंल, वर या," मी चिडले. ते काही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक सळई दोन्ही हातांनी ओढून पाहिली. ती हलली नाही.

"लई घट्ट बसली. बाई, खिडकी कुण्या बाजूला ठेवून राहिलीस?"

"मागं," मी घाईत म्हणाले.

"रस्त्याकडं ठेव. माणसं दिसतेत."

तेव्हा मला ती लुडबूड वाटली. आबा राहायला येतो म्हणून सांगत होते, हे आज कळतं.